स्फटिकापासून क्वेसारपर्यंत : ध्रुवित प्रकाशाचा माग

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागात काळा बेसाल्ट खडक आहे, तर पूर्वेकडे वणी, राजूर, मुकुटबन या परिसरात चुनखडी आणि दगडी कोळसा आहे. बेसाल्ट हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा खडक. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे पाझरणाऱ्या पाण्याबरोबर आलेली खनिजे त्या पोकळ्यांत साचली. दख्खनच्या पठारावर विहीर खणताना किंवा खाणीत दगड फोडताना जे चकाकणारे पांढरे खडे निघतात, ते हेच. त्यांतले एक खनिज म्हणजे कॅल्साइट. रासायनिक दृष्टीने ते आणि वणीची चुनखडी एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पण कॅल्साइटचा स्वच्छ पारदर्शक तुकडा छापील पानावर ठेवला, की खालचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसते.

क्वेसार नावाच्या अतिदूरच्या पिंडांतून द्रव्याचे प्रचंड वेगवान झोत बाहेर पडतात. या झोतांतून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. तो झोताच्या नेमक्या कोणत्या भागात निर्माण होतो, हा खगोलशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. या प्रश्नाच्या इतिहासात सुरुवातीला कॅल्साइटचा स्फटिक आहे आणि अलीकडच्या टप्प्यावर पुण्यात तयार झालेले एक उपकरण. हा सगळा प्रवास आपण क्रमाने पाहू.

दोन अक्षरांचे कोडे

१६६९ साली कोपनहेगनच्या इरॅस्मस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटमधून दिसणाऱ्या दुहेरी प्रतिमांचे वर्णन प्रसिद्ध केले. आइसलँडही आपल्या दख्खनसारखाच बेसाल्टचा प्रदेश आहे, आणि तिथला हा स्फटिकही बेसाल्टच्याच पोकळीत सापडला होता. एका किरणाचे दोन किरण का होतात, याचे समाधानकारक उत्तर मात्र पुढे दीडशे वर्षे मिळाले नाही.

१८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन मालूस यांनी असाच एक स्फटिक डोळ्यासमोर धरला. समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या काचांवरून मावळत्या सूर्याचे प्रतिबिंब येत होते. स्फटिक फिरवताना दोन प्रतिमांपैकी एक मंद होई, तर दुसरी उजळ. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश साध्या प्रकाशापेक्षा काही वेगळा आहे, हे त्यांच्या लक्षात आले. या गुणधर्माला त्यांनीच ध्रुवण हे नाव दिले. पुढे फ्रेनेल यांनी त्याचा अर्थ लावला : प्रकाश हा आडवा तरंग आहे, म्हणजे तो ज्या दिशेने जातो तिच्याशी काटकोनात त्याचे कंपन होते.

वर्गात हे दोरीने दाखवता येते. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरे हातात धरावे. हात वर-खाली हलवला तर उभी लाट जाते, डावी-उजवीकडे हलवला तर आडवी. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात कंपने सर्व दिशांची मिसळलेली असतात. हा अध्रुवित प्रकाश. कंपने एकाच दिशेची असली, किंवा एका दिशेची अधिक असली, तर तो पूर्णतः किंवा अंशतः ध्रुवित प्रकाश. कॅल्साइट परस्परांशी काटकोनात असलेली कंपने वेगवेगळ्या वाटेने पाठवतो, म्हणून अक्षरे दोन दिसतात.

प्रकाशाला विचारलेला पहिला प्रश्न

ध्रुवणाचा उपयोग प्रकाशाचे मूळ शोधण्यासाठी होऊ शकतो, हे फ्रान्सच्याच आरागो यांनी ओळखले. तापून चमकणाऱ्या घन किंवा द्रव पदार्थाच्या पृष्ठभागाकडे तिरपे पाहिले, तर येणारा प्रकाश थोडा ध्रुवित असतो. ज्योतीसारख्या वायूचा प्रकाश तसा नसतो. सूर्यबिंबाच्या कडेचा प्रकाश आपल्याकडे तिरपाच येतो. आरागो यांनी तो तपासला, तेव्हा त्यात ध्रुवण आढळले नाही. त्यावरून सूर्याचा तेजस्वी पृष्ठभाग घन किंवा द्रव नसून वायुरूप असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जिथे जाणे शक्य नाही अशा ठिकाणची माहिती केवळ कंपनाच्या दिशेवरून काढण्याचा हा पहिला प्रयत्न.

निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवित असतो. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात, आणि सूर्याच्या दिशेशी काटकोनात पाहिले तर या विखुरलेल्या प्रकाशात एकाच दिशेचे कंपन जास्त असते. खग्रास ग्रहणात दिसणाऱ्या सूर्याच्या प्रभामंडलाचेही तसेच. त्याचा प्रकाश ध्रुवित आहे हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. तिथे विखुरण्याचे काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात, हे स्पष्ट व्हायला विसावे शतक उजाडले.

प्रभामंडलाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा दिवस आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून वऱ्हाडात आली. विजयदुर्गला नॉर्मन लॉकयर होते. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी होती. धामणगावजवळच्या तळणीला मॉन्डर पतिपत्नी आणि पुढे पुलगावला न्यूऑल व हिल्स होते. जेऊरहून पुलगावकडे जाताना ही सावली आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागावरून गेली. तेव्हा या जिल्ह्याचे नाव वणी होते. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले.

त्या काळच्या शास्त्रज्ञांना आकाशातल्या प्रकाशाच्या ध्रुवणाची दोन मुख्य कारणे ठाऊक होती : परावर्तन आणि विखुरणे. दोन्हींत प्रकाश मूळचा दुसरीकडचा, आणि वाटेत कोणाला तरी आपटून ध्रुवित झालेला. प्रकाश जन्मतःच ध्रुवित असू शकतो, ही कल्पना अजून यायची होती.

एक सरळ रेघ

लिक वेधशाळेचेच हेबर कर्टिस यांनी १९१८ साली एम ८७ या दीर्घिकेविषयी एक नोंद केली. तिच्या केंद्रातून एक विलक्षण सरळ किरण निघालेला दिसतो, असे त्यांनी लिहिले. ती रेघ कसली, हे त्या वेळी कोणालाच सांगता येईना.

उत्तराचा धागा एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सापडला. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सिंक्रोट्रॉन यंत्रात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले जात होते. ते फिरताना झगझगीत प्रकाश देतात, असे दिसून आले. या प्रकाशाला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. ते जन्मतःच ध्रुवित असते आणि त्याचे मुख्य कंपन चुंबकीय क्षेत्राशी काटकोनात असते. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकाच दिशेचे असेल, तर ध्रुवण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. क्षेत्र गुंतागुंतीचे असेल, तर वेगवेगळ्या भागांतली कंपने एकमेकांना पुसून टाकतात आणि टक्केवारी घटते.

म्हणजे ध्रुवणातून दोन गोष्टी कळतात. दिशेवरून चुंबकीय क्षेत्राची दिशा, आणि टक्केवारीवरून त्या क्षेत्राची शिस्त. पुढचा सगळा इतिहास या दोन आकड्यांवर उभा आहे.

१९५३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी मांडले, की खेकडा तेजोमेघाचा निळसर प्रकाश सिंक्रोट्रॉन प्रारण असला पाहिजे. तसे असेल तर तो ध्रुवित असायला हवा. १९५४ मध्ये दोम्ब्रोव्स्की आणि वाशाकिद्झे यांना तो तसा आढळला. १९५६ साली वॉल्टर बाडे यांनी पालोमार पर्वतावरच्या ५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने एम ८७ च्या त्या सरळ रेघेची ध्रुवक लावून छायाचित्रे घेतली. रेघेचा प्रकाशही चांगलाच ध्रुवित निघाला. कर्टिस यांची रेघ म्हणजे अतिवेगवान इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र यांचा हजारो प्रकाशवर्षे लांबीचा झोत होता.

क्वेसार आणि हरभऱ्याचा दाणा

१९६२ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने ३सी २७३ हा रेडिओ स्रोत चंद्राआड जाताना पाहिला. चंद्राची कड आकाशात नेमकी कोठे आहे हे माहीत असते. त्यामुळे स्रोत लुप्त होण्याच्या क्षणावरून त्याची जागा अचूक ठरली. तिथे ताऱ्यासारखा ठिपका आणि त्याच्याजवळ एक बारीक झोत दिसला. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी त्या ठिपक्याचा वर्णपट उलगडला. हा तारा नव्हताच. तो कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरचा, अख्ख्या दीर्घिकेपेक्षा तेजस्वी पिंड होता. अशा पिंडांना क्वेसार म्हणतात. त्यांच्या केंद्राशी महाकाय कृष्णविवर असते आणि त्याच्या परिसरातून झोत निघतात, हे पुढच्या काही दशकांत मान्य झाले.

चंद्राच्या आड स्रोत जाण्याचीच युक्ती वापरण्यासाठी गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटीला ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. ती १९७० मध्ये कामाला लागली आणि तिने शेकडो दूरस्थ रेडिओ स्रोतांची रचना मोजली. त्याच गटाने पुढे जुन्नर तालुक्यात खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभी केली.

काही क्वेसारांचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला असतो. त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतर पिंडांना ब्लेझार म्हणतात. ३सी २७९ हा त्यांतला एक. त्याचे तेज आणि ध्रुवण काही दिवसांत बदलते. जो भाग इतक्या झटपट बदलतो, तो फार मोठा असू शकत नाही. समजा, तो प्रकाशवर्षाच्या दहाव्या भागाएवढा आहे. ३सी २७९ च्या अंतरावरून तो भाग आपल्याला साधारण चंद्रावर ठेवलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढा दिसेल. कोणत्याही प्रकाशीय दुर्बिणीला एवढा तपशील दिसत नाही. सगळा झोत एका ठिपक्यात मिसळून जातो.

मग त्या ठिपक्यातला प्रकाश कुठला? शास्त्रज्ञांपुढे मुख्यतः दोन शक्यता होत्या. पहिली, कृष्णविवराच्या जवळचा भाग, जिथे चुंबकीय क्षेत्र मळसूत्रासारखे पिळलेले असावे आणि झोताला वेग मिळत असावा. दुसरी, तिथून कित्येक प्रकाशवर्षे पुढे, जिथे झोतातला वेगवान माल पुढच्या सावकाश मालावर आदळून आघात तरंग तयार होतो. प्रश्न केवळ जागेचा नाही. इलेक्ट्रॉनांना एवढी प्रचंड ऊर्जा कोण देते, पिळलेले चुंबकीय क्षेत्र की आघात तरंग, हे त्या जागेवरून ठरणार होते.

काडीची दोन टोके

२००८ साली ॲलन मार्शर आणि सहकाऱ्यांनी बीएल लॅसर्टी या ब्लेझारविषयी लेख प्रसिद्ध केला. २००५ च्या एका उद्रेकात त्याच्या ध्रुवणाची दिशा काही दिवसांत सलग फिरत गेली होती. प्रकाशमान गाठ पिळलेल्या चुंबकीय क्षेत्रातून मळसूत्री वाटेने पुढे सरकली तर असेच दिसेल, असे त्यांनी मांडले. २०१० मध्ये ३सी २७९ विषयीही असाच लेख आला. गॅमा किरणांच्या उद्रेकाबरोबर ध्रुवणाची दिशा २० दिवसांत २०८ अंशांनी वळली होती.

यावर दोन आक्षेप होते. पहिला योगायोगाचा. खळबळलेल्या झोतात अनेक लहान भागांची चुंबकीय क्षेत्रे स्वैर बदलत असतील, तर एकूण दिशा कधीकधी सलग फिरल्यासारखी भासू शकते. दुसरा आक्षेप मोजणीचा, आणि तो वर्गात सहज समजावता येतो. दोन्ही टोके सारखी असलेली काडी घ्या. विद्यार्थ्यांना डोळे मिटायला सांगा आणि काडी उजवीकडे १०० अंशांनी फिरवा. डोळे उघडल्यावर ती १०० अंश उजवीकडे फिरली, की ८० अंश डावीकडे, हे कोणालाच सांगता येणार नाही. ध्रुवणाची दिशा अशीच बिनटोकाची असते. दोन निरीक्षणांमध्ये फार दिवस गेले, तर वळणाची दिशाच हरवते. म्हणून डोळे फार वेळ मिटायचे नाहीत, एवढाच त्यावर उपाय. पण जगातल्या मोठ्या दुर्बिणी एकाच कामासाठी रोज रात्री मिळत नाहीत.

पुण्यात घडलेले उपकरण

पुण्याचे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका, १९८८ साली स्थापन झाले. डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक. तिथल्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात इम्पोल नावाचा ध्रुवणमापक तयार झाला. त्यात एक पट्टिका निरनिराळ्या कोनांत फिरवून एकामागून एक छायाचित्रे घ्यावी लागत. मधल्या वेळात आकाश बदलले, पातळ ढग आला, तर मोजमापाला अधिक काळजी घ्यावी लागे.

ब्लेझारांच्या नित्य पाहणीसाठी आयुकात ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली रोबोपोल हे नवे उपकरण घडले. क्रीट बेटावरच्या स्किनाकास वेधशाळेतल्या १.३ मीटरच्या दुर्बिणीवर ते २०१३ मध्ये बसवण्यात आले. ग्रीस, अमेरिका, जर्मनी, पोलंड आणि भारत यांचा हा संयुक्त प्रकल्प होता. रोबोपोलमध्ये मोजणीसाठी काही फिरवावे लागत नाही. त्यातले लोलक प्रत्येक बिंदूच्या एकाच वेळी चार प्रतिमा पाडतात, आणि त्यांच्या तेजातल्या फरकावरून ध्रुवणाची दिशा व टक्केवारी एकाच छायाचित्रात मिळते. ढग आला तर चारही प्रतिमा सारख्याच मंदावतात. प्रकाशाचे कंपनानुसार वेगवेगळ्या वाटांनी जाणे हेच याही उपकरणाचे तत्त्व. कॅल्साइट अक्षराच्या दोन प्रतिमा करतो, तर इथे त्या चार होतात.

दुर्बीण लहान, पण ती वर्षातले महिनोन्‌महिने याच कामाला मिळाली. पहिल्या तीन हंगामांत अशी ४० वळणे नोंदली गेली. त्यातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. सगळी वळणे निव्वळ योगायोगाची असण्याची शक्यता फारच थोडी आहे. वळणांचा गॅमा उद्रेकांशी संबंध दिसतो. वळण चालू असताना ध्रुवणाची टक्केवारी सहसा घटते. आणि वळणे सर्वच ब्लेझारांत दिसत नाहीत, ती काहींतच पुन्हापुन्हा दिसतात. झोतात शिस्तही आहे आणि खळबळही, असा याचा अर्थ. पण जागेचा प्रश्न केवळ दृश्य प्रकाशाने सुटणार नव्हता.

क्ष-किरणांची साक्ष

९ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिका आणि इटली यांचा आयएक्सपीई हा उपग्रह अवकाशात गेला. क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणे हे त्याचे काम. मार्च २०२२ मध्ये त्याने मार्करियन ५०१ हा ब्लेझार पाहिला. त्याच्या क्ष-किरणांत सुमारे १० टक्के ध्रुवण आढळले, दृश्य प्रकाशातल्यापेक्षा साधारण दुप्पट. कंपनाची दिशा झोताला समांतर होती.

याचा अर्थ लावायला सोपा आहे. क्ष-किरण देणारे इलेक्ट्रॉन सर्वाधिक ऊर्जेचे असतात आणि ती ऊर्जा ते झपाट्याने गमावतात, त्यामुळे ते फार दूर जाऊ शकत नाहीत. दृश्य प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन अधिक लांब जातात, रेडिओ लहरी देणारे त्याहून लांब. म्हणून क्ष-किरण आघात तरंगाच्या अगदी लगतच्या, शिस्तीच्या क्षेत्रातून येतात, तर इतर प्रकाश मागच्या मोठ्या, खळबळलेल्या भागातून. आघाताने चुंबकीय क्षेत्र दाबले जाऊन झोताला आडवे होते, आणि कंपन क्षेत्राशी काटकोनात असल्यामुळे ते झोताला समांतर दिसते. टक्केवारी आणि दिशा हे दोन्ही आकडे आघात तरंगाच्या बाजूने बोलले.

पण त्याच वर्षी जूनमध्ये मार्करियन ४२१ या ब्लेझारच्या क्ष-किरणांचे ध्रुवण सलग फिरताना दिसले, आणि त्याच वेळी दृश्य प्रकाशाचे मात्र तसे फिरले नाही. म्हणजे मळसूत्री क्षेत्राची कल्पनाही टाकून देता येत नाही. शिवाय ३सी २७९ सारख्या अधिक शक्तिशाली क्वेसारांत क्ष-किरण बहुतांशी वेगळ्या प्रक्रियेने तयार होतात, तेव्हा या दोन ब्लेझारांचे उत्तर त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाही. कर्टिस यांनी पाहिलेल्या एम ८७ च्या झोताचे मूळही आता दिसले आहे. २०२१ मध्ये तिथल्या कृष्णविवराभोवतीच्या वलयाचे ध्रुवित चित्र प्रसिद्ध झाले आणि झोत निघतो त्या ठिकाणी सुसंघटित चुंबकीय क्षेत्र असल्याचे त्यातून कळले.

आज सांगता येते ते एवढे : झोतातल्या ध्रुवित प्रकाशाचे उगमस्थान एकच नाही. ऊर्जा मिळण्याच्या जागेपासून क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी यांचे उगम क्रमाक्रमाने दूर पसरलेले आहेत. 'प्रकाश कुठून येतो' या प्रश्नाला 'कोणता प्रकाश?' असा प्रतिप्रश्न विचारावा लागतो, हे समजायला शंभर वर्षे लागली. १ जानेवारी २०२४ रोजी भारताचा एक्सपोसॅट हा क्ष-किरण ध्रुवणाचा अभ्यास करणारा उपग्रहही अवकाशात गेला आहे.

वर्गासाठी

या विषयाचा पहिला धडा यवतमाळच्या कोणत्याही शाळेत विनाखर्च होऊ शकतो. ध्रुवक चष्म्याची काच किंवा बिघडलेल्या गणकयंत्राच्या काचपट्टीवरचा पापुद्रा मिळवावा. सकाळी किंवा संध्याकाळी सूर्याकडे पाठ न करता, त्याला खांद्याच्या बाजूला ठेवून, समोरच्या निळ्या आकाशाकडे त्यातून पाहावे आणि तो हळूहळू फिरवावा. आकाश गडद आणि फिकट होईल. सूर्याकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत पाहू नये. मग विद्यार्थ्यांना विचारावे : आकाशाचा हा प्रकाश जन्मतः ध्रुवित आहे, की वाटेत झालेला? आणि ते कशावरून ओळखायचे? आरागोंपासून रोबोपोलपर्यंत सगळ्यांनी प्रकाशाला हाच प्रश्न विचारला आहे.